चोवीसशे वर्षांचे बांध

बांधावरून तंटा झाला नाही असे गाव आपल्याकडे शोधून सापडायचे नाही. नांगराच्या दोन तासांसाठी भाऊ भावाचे तोंड पाहीनासा होतो, वकिलाची घरे भरतात, आणि अखेर मोजणीदार येतो तेव्हा मूळ बांध कुठला आणि आता कुठे सरकला, हे सांगणारा म्हातारा गावात उरलेला नसतो! म्हणूनच, वाचकहो, आज तुम्हाला अशा ठिकाणी घेऊन जायचे आहे, की जिथल्या शेतांचे मुख्य बांध चोवीसशे वर्षे जागचे हललेले नाहीत. ठिकाण लांबचे आहे. युरोपात क्रोएशिया नावाचा लहानसा देश आहे, त्याच्या किनाऱ्याला एड्रियाटिक समुद्र लागतो, त्या समुद्रात ह्वार नावाचे बेट आहे आणि त्या बेटावर स्तारी ग्राद हे बंदराचे गाव आहे. स्तारी ग्राद म्हणजे 'जुने गाव'. नाव अगदी सार्थ आहे.

क्रोएशिया हे नाव जुन्या मंडळींच्या कानावरून गेलेले नसेल. त्यांना युगोस्लाव्हिया आठवेल, मार्शल टिटो आठवतील. अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीत टिटो, नासर आणि आपले पंडित नेहरू ही तीन नावे एका दमात घेतली जात. जुलै 1956 मध्ये हे तिघे ज्या ब्रियोनी बेटावर भेटले, ते बेट आजच्या क्रोएशियातच आहे. मात्र ते पार उत्तरेला, आपल्या ह्वारपासून बरेच दूर. पुढे युगोस्लाव्हिया फुटला. 1991 साली क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले, 1995 पर्यंत लढाई चालली, बरीच माणसे मेली. 2013 साली हा देश युरोपीय संघात गेला आणि 1 जानेवारी 2023 पासून तिथे युरो हे चलन चालू झाले. त्याच दिवसापासून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच शेंगेन व्हिसा लागतो, तोच क्रोएशियालाही चालतो.

बेटावर जायची वाट स्प्लिट शहरावरून आहे. स्प्लिटची एक सोय मला फार आवडली. रेल्वे स्टेशन, एस. टी. स्टँडसारखा बसचा तळ आणि बोटीचा धक्का ही तिन्ही एकमेकांना लागून आहेत. गाडीतून उतरायचे, बोचके उचलायचे आणि चालत धक्क्यावर जायचे. मध्ये रिक्षा नाही, हमाल नाही. बोटीला वेळ असेल तर शेजारीच एक मोठा जुना वाडा आहे, तो जरूर पाहा. वाडा कसला, गावच आहे म्हणा. डायोक्लेशियन नावाच्या रोमन बादशहाने तो इसवी सन 305 च्या सुमारास बांधला. हा बादशहा मूळचा याच भागातला. त्याने आपण होऊन राज्य सोडले आणि तो इथे येऊन राहिला. त्याची एक गोष्ट जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. राज्यात बेबंदशाही माजली तेव्हा लोक त्याला गादीवर परत बोलवायला आले. त्यावर त्याने सांगितले म्हणे, की मी माझ्या हाताने लावलेला कोबी तुम्ही एकदा पाहाल तर मला असले काही विचारणार नाही! खरेखोटे देव जाणे, पण गोष्ट शेतकऱ्याच्या घरात सांगण्यासारखी आहे. त्या वाड्याच्या भिंतींच्या आत आजही लोकांची घरे आहेत, दुकाने आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत आहेत.

आता बोटीकडे वळू. यांची फेरीबोट म्हणजे आपल्याकडे दाभोळच्या खाडीत मोटारी घेऊन ये-जा करते तिचीच थोरली बहीण. बोटीचे तोंड जबड्यासारखे उघडते, लोखंडी फळी धक्क्यावर टेकते, आणि ट्रक, मोटारी, सायकली, ट्रॅक्टरसुद्धा सरळ पोटात शिरतात. माणसे जिन्याने वरच्या मजल्यावर जातात. आपल्या कोकणात भरती-ओहोटीने पाणी कित्येक हात खालीवर होते, त्यामुळे धक्क्याची नि बोटीची गाठ घालून देणे हा मोठा व्याप असतो. इथे तो त्रास नाही. या समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम वीत-दीड वीत! त्यामुळे फळी केव्हाही टाका, ती बरोबर बसते. याद्रोलिनिया नावाची सरकारी कंपनी 1947 सालापासून या बोटी चालवते. बेटावर कायमचे राहणाऱ्या माणसांना तिकिटात चांगली सवलत असते. प्रवासी भरपूर पैसे देऊन उन्हाळ्यात येतात आणि जातात. बेटकऱ्याला मात्र दवाखाना, कचेरी, लग्नकार्य, सगळ्यासाठी बारा महिने हीच बोट. तेव्हा ही सवलत योग्यच आहे असे मला वाटते.

पाहायचे असेल तर वरून बोटीच्या पोटाकडे नजर टाका. प्रवाशांच्या चकचकीत मोटारींमध्ये एखादा ट्रक सिमेंटचा, एखादा पिठाच्या पोत्यांचा, एखादा गॅसच्या टाक्यांचा असतो. बेटावर जे पिकत नाही ते सगळे असे पाण्यावरून येते.

स्प्लिट ते स्तारी ग्राद हा प्रवास सुमारे दोन तासांचा. बोट सुटली की पाठीमागे करड्या, उघड्याबोडक्या डोंगरांची रांग दिसते आणि पुढे दोन बेटे येतात, डावीकडे ब्राच आणि उजवीकडे शोल्ता. या दोहोंच्या मधल्या खिंडीतून बोट बाहेर पडते. पाणी इतके निळे नि नितळ की पाहत राहावे. क्रोएशियाच्या किनाऱ्याला लहानमोठी बेटे आणि खडक मिळून हजाराच्या वर आहेत. त्यांतली जेमतेम पन्नासेक वस्तीची. बाकीच्यांवर झुडपे, दगड आणि पाखरे.

मात्र हा समुद्र नेहमीच असा शहाण्यासारखा वागत नाही. हिवाळ्यात ईशान्येकडच्या डोंगरांवरून 'बुरा' नावाचा थंड वारा कोसळतो, तो इतका जोराचा की बोटी बंद ठेवाव्या लागतात. आग्नेयेकडून 'युगो' येतो, तो दमट असतो आणि मोठ्या लाटा घेऊन येतो. उन्हाळ्यातला 'मायेस्त्राल' तेवढा गुणाचा. दुपारी सुटतो, अंगाला गार लागतो. आपल्याकडे म्हातारी माणसे वाऱ्याची दिशा पाहून पावसाचा अंदाज सांगतात, तशीच इकडची माणसे बोट येणार की नाही ते सांगतात.

याच पाण्यातून सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वी एक मनुष्य वल्ह्याच्या होडीतून गेला. स्तारी ग्रादचा जमीनदार आणि कवी पेतार हेक्तोरोविच. दोन कोळ्यांना बरोबर घेऊन तो तीन दिवस मासेमारी करत हिंडला आणि त्या सफरीवर त्याने एक मोठे काव्य लिहिले. ते 1568 साली व्हेनिसला छापले गेले. यात नवल कसले, असे तुम्ही म्हणाल. नवल असे, की त्या काळी काव्य म्हणजे राजे, देव आणि लढाया. याने मात्र दोन गरीब कोळी, त्यांची नावे-गावे, त्यांचे बोलणे आणि त्यांनी म्हटलेली गाणी चालींसकट लिहून ठेवली. कष्टकरी माणसाच्या तोंडी शहाणपणाचे बोल असतात, हे त्या जमीनदाराला कबूल करावेसे वाटले. आज याद्रोलिनियाच्या एका मोठ्या फेरीबोटीला त्याचे नाव दिलेले आहे.

ह्वार बेट लांबच लांब नि अरुंद आहे, लांबी सुमारे 68 किलोमीटर. स्तारी ग्रादची खाडी बेटाच्या पोटात खोल शिरलेली आहे. बोट खाडीत शिरली की वारा पडतो, दोन्ही बाजूंनी पाइनची झाडे जवळ येतात आणि कुठूनतरी राळेचा वास येतो. मोटारींचा धक्का गावाच्या अलीकडे सुमारे दोन किलोमीटरवर आहे. तिथे बस उभीच असते. पण सामान हलके असेल तर चालत जा. खाडीच्या काठाने वाट आहे.

एक सांगून ठेवतो. धक्क्यावर उतरलेल्या प्रवाशांपैकी बरेचसे लगेच बसने बेटाच्या दुसऱ्या टोकाकडे, ह्वार याच नावाच्या शहरात जातात. तिथे थाटमाट आहे, श्रीमंतांच्या नौका आहेत, रात्रीचा नाच-गोंगाट आहे. त्यांना जाऊ द्या.

गाव खाडीच्या अगदी टोकाला, घोड्याच्या नालासारखे वसलेले आहे. वस्ती अडीच-पावणेतीन हजारांची. म्हणजे आपल्याकडच्या मध्यम खेड्याएवढी. घरे दगडी, छपरे लाल कौलांची, बोळ इतके अरुंद की दोन माणसांनी अंग चोरून जावे. चर्च आहेत, 1482 साली स्थापन झालेला एक मठ आहे, त्यात व्हेनिसचा नामांकित चित्रकार तिंतोरेत्तो याचे चित्र आहे. ती सगळी सवडीने पाहता येतात. पण हेक्तोरोविचचा वाडा चुकवू नका. 'त्व्हर्दाल्य' असे त्याचे नाव. अर्थ 'कोट', 'गढी'. त्या काळी तुर्कांच्या आरमाराची भीती असे. हल्ला आला तर गावच्या लोकांना आत घेता यावे म्हणून त्याने ही गढी बांधायला घेतली आणि मरेपर्यंत तो बांधतच राहिला. मधोमध समुद्राच्या पाण्याचे तळे आहे, त्यात मासे फिरतात. बाजूला बाग, वर कबुतरांचा खण. वेढा पडला तरी अन्न-पाणी आत असावे हा हिशेब. वाटसरू नि गोरगरिबांना उतरायला जागा ठेवली होती. भिंतींवर जागोजागी लॅटिन भाषेत सुविचार कोरलेले आहेत. मौज म्हणजे शौचकूपाच्या जागीही एक कोरला आहे. भावार्थ असा, की स्वतःला ओळखून आहेस ना, मग गर्व कशाचा करतोस? ज्याने जागा निवडली त्याच्या विनोदाला दाद दिली पाहिजे!

पण वाचकहो, आपण आलो ते शेते पाहायला. गावाच्या पूर्वेला दहा मिनिटे चालले की घरे संपतात आणि सपाट रान लागते. बेट सगळे चुनखडीच्या दगडाचे. नदी नाही, ओढा नाही, पडलेले पाणी भेगांतून खाली जाते. अशा खडकाळ बेटावर सुमारे सहा किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद अशी ही एकच मोठी मातीची पट्टी. लोक तिला 'होरा' म्हणतात. हा शब्द मूळचा ग्रीक, 'शिवार' अशा अर्थाचा. चोवीसशे वर्षांपूर्वीचा शब्द त्या शिवाराला अजून चिकटून आहे.

इसवी सनापूर्वी 384 च्या सुमारास ग्रीस देशातल्या पारोस बेटावरून काही माणसे गलबतांतून इथे आली आणि त्यांनी फारोस नावाचे गाव वसवले. 'ह्वार' हे नाव त्या 'फारोस'वरूनच पडले. आपल्याकडे चंद्रगुप्त मौर्य गादीवर बसायला तेव्हा अजून साठ वर्षे अवकाश होता, यावरून काळ किती मागचा ते ध्यानात घ्या. बेट काही रिकामे नव्हते. इथे इलिरियन लोक राहत होते. सरळ भाषेत सांगायचे तर जमीन बळकावलेली. मूळच्या लोकांनी पुढे किनाऱ्यावरच्या भाऊबंदांना बोलावून चढाई केली, तीत ते हरले आणि पुष्कळ मारले गेले. इतिहास सांगताना हे गाळू नये.

मग नव्या लोकांनी जमिनीची वाटणी केली आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते. त्यांनी शिवारात एक बिंदू धरला, तिथून उभी नि आडवी अशा दोन सरळ रेषा काढल्या, आणि सगळे शिवार सारख्या मापाच्या पट्ट्यांत पाडले. प्रत्येक पट्टा सुमारे 180 मीटर रुंद आणि 900 मीटर लांब. गुणाकार करा, सोळा हेक्टर, म्हणजे आपले चाळीस एकर होतात. असे सत्तरहून अधिक पट्टे. पट्ट्यापट्ट्यांमधून वाटा सोडलेल्या. आजच्यासारखी यंत्रे नसताना सहा किलोमीटर रेषा सरळ नेणे ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि मग त्या रेषांवर दगडी पौळी रचल्या. हद्दीचा दगडही सापडला आहे. त्यावर ग्रीक अक्षरांत मॅथिओस नावाच्या मालकाच्या जमिनीची हद्द म्हणून कोरलेले आहे. सातबारा म्हणा हवे तर, फक्त दगडावर लिहिलेला!

त्यानंतर काय काय झाले पाहा. इसवी सनापूर्वी 219 साली रोमन लोकांनी फारोस पाडले. रोमनांच्या वाड्या-वस्त्या शिवारात उभ्या राहिल्या. पुढे आजच्या क्रोएशियन लोकांचे स्लाव पूर्वज आले. 1420 पासून पावणेचारशे वर्षे व्हेनिसचे राज्य. मग थोडा काळ फ्रेंच, नंतर ऑस्ट्रिया, 1918 नंतर युगोस्लाव्हिया, दुसऱ्या महायुद्धात इटलीची फौज. राज्ये गेली, भाषा बदलली, धर्म बदलला; पट्ट्यांच्या मुख्य रेषा तशाच राहिल्या. आतल्या आत मुलाबाळांत वाटण्या होऊन लहान तुकडे पडले, पण थोरल्या बांधाला कुणी हात लावला नाही. ऑस्ट्रियन सरकारने 1830 च्या दशकात मोजणी करून नकाशे काढले, त्यांतही हेच पट्टे उमटले. आज विमानातून घेतलेल्या फोटोतही तेच दिसतात.

हे बांध का टिकले? लोक फार साधुसंत होते म्हणून नव्हे. त्यांची भांडणे आपल्याइतकीच असणार. माझ्या मते कारण त्या पौळींच्या कामात आहे. इथे नांगर घातला की दगड निघतो. तो काढून ठेवायचा कुठे? बांधावर! म्हणजे शेत साफ होते आणि पौळ रुंद होते. पुष्कळ ठिकाणी ती दोन-चार हात जाड झालेली आहे. अशी पौळ बुरा वाऱ्याला अडवते, हिवाळ्यातल्या पावसात माती वाहून जाऊ देत नाही, शेरडामेंढरांना रोखते. मोडून नांगराखाली घ्यायची म्हटली तर मण-मण दगड हलवायचे आणि मिळणार काय, तर एक ओळ द्राक्षाची! आपला मातीचा बांध रात्रीतून कोरता येतो. दगडाची पौळ रात्रीतून कशी कोरणार?

या पौळींना चुना नाही, सिमेंट नाही. कोकणातल्या वाचकांना गडगा ठाऊक आहेच, तीच कला. मोठा दगड खाली, दोन्ही अंगांना तोंडे जुळवून, मधल्या पोकळीत बारीक दगडांची भर. पाणी पौळीतून झिरपते म्हणून ती फुगत नाही. क्रोएशियासह आठ देशांतली ही कोरड्या दगडांची रचाई युनेस्कोने 2018 साली मानवजातीच्या वारशात नोंदवली. पौळींच्या कडेला याच पद्धतीने बांधलेल्या गोल झोपड्या दिसतात. त्यांना 'त्रिम' म्हणतात. दगडाचे एकावर एक फेर आत आत घेत वर नेऊन छप्पर मिटवायचे. लाकूड नाही, कौल नाही. पावसात माणसाने आणि अवजारांनी निवारा घ्यायचा. जागोजागी पावसाचे पाणी साठवायची दगडी टाकी आहेत, त्यांना पन्हळी जोडलेल्या. नदी नसलेल्या बेटावर थेंब न् थेंब धरून ठेवायची ही रीतही त्या पहिल्या लोकांपासूनची. आता मुख्य भूमीवरच्या सेटिना नदीचे पाणी समुद्राच्या तळावरून नळाने बेटावर येते, तरी ही टाकी अजून पाहण्यासारखी आहेत.

पिके कोणती? द्राक्ष आणि ऑलिव्ह. चोवीसशे वर्षांपूर्वीही हीच, आजही हीच. मधून मधून अंजिरे, बदाम, कॅरोबची झाडे. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत. त्याला सोसणारी ही झाडे आहेत. जुन्या बागांत मांडव नाही, वेल गुडघा-कंबरेएवढे झुडूप करून ठेवलेला. 'बोग्दानुशा' नावाची पांढरी द्राक्षे या शिवाराची खास. नावाचा अर्थ 'देवाने दिलेली'. दारूचे कौतुक करायला हा लेख लिहिलेला नाही, पण तिकडे वाइन हा जेवणातला पदार्थ आहे आणि शेतकऱ्याचा पैसा बराचसा तिच्यातूनच येतो, हे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

आम्ही हिंडलो तो सप्टेंबरचा महिना होता, तोडणी चालू होती. एका बागेत म्हातारा-म्हातारी दोघेच होती. भाषा एकमेकांना कळेना. आजीबाईंनी बांधावरच्या झाडाची चार अंजिरे हातावर ठेवली आणि पुन्हा घड तोडायला लागल्या. आसपासच्या दोन्ही शेतांत मात्र गुडघाभर गवत होते.

त्या गवताची कथा मोठी आहे. या बेटावरच्या कष्टकऱ्यांनी सुखाने दिवस काढले असे समजू नका. शिवाराच्या कडेला व्र्बान्य नावाचे खेडे आहे, तिथला मातिया इव्हानिच. त्याच्या पुढारपणाखाली 1510 ते 1514 अशी चार वर्षे बेटावरचे सामान्य लोक सरदारांविरुद्ध उठले. व्हेनिसने आरमार पाठवून बंड मोडले आणि बंडखोरांना फासावर दिले. त्यानंतरही माणसे राबत राहिली, शेते पिकत राहिली.

बंडाने, लढायांनी जे झाले नाही ते एका किड्याने केले. फिलॉक्सेरा हा द्राक्षाच्या मुळांवर राहणारा माव्याच्या जातीचा किडा. तो अमेरिकेतून युरोपात आला आणि त्याने देशामागून देश बागा वाळवल्या. फ्रान्सच्या बागा आधी मेल्या, तेव्हा डाल्मेशियाच्या या किनाऱ्यावर वाइनला सोन्याचा भाव आला. लोकांनी डोंगरउतार फोडून द्राक्षे लावली. मग 1891 साली ऑस्ट्रियाच्या सरकारने इटलीशी करार करून तिकडची स्वस्त वाइन आत येऊ दिली, भाव कोसळला. मागोमाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किडा या किनाऱ्यावर पोचला आणि पुढच्या काही वर्षांत बेटांवरही उतरला. आधी भाव गेला, मग बाग गेली. कर्ज कशाने फेडणार? बेटाबेटांवरून तरणी माणसे बोटीत बसली आणि अमेरिका, चिली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशी जगाच्या टोकांना गेली. पुष्कळ परत आलीच नाहीत. किड्यावर उपाय पुढे सापडला तो कलमाचा. अमेरिकन द्राक्षाचा खुंट खाली, आपली जात वर. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना डॉगरिजचा खुंट माहीत आहे. तोही त्याच अमेरिकन कुळातला, फक्त आपण तो पाण्याच्या ताणासाठी नि खारवट जमिनीसाठी वापरतो. उपाय सापडला, पण गेलेली माणसे कलम करून परत आणता येत नाहीत.

नंतर बेटाने लव्हेंडर लावून पाहिले. जांभळ्या फुलांचे सुगंधी झुडूप, त्याचे तेल निघते. खडकाळ उतारावरही येते. काही वर्षे चांगली गेली. पुढे वणवे लागले, माणसे कमी झाली, आणि ते उतारही बरेचसे ओस पडले. दुसऱ्या महायुद्धात तर या बेटांवरच्या हजारो बायका-मुलांना बोटींत घालून पार इजिप्तच्या वाळवंटातल्या छावणीत नेऊन ठेवले होते. ती मात्र युद्ध संपल्यावर परतली आणि पुन्हा याच पौळींच्या आत कामाला लागली.

आज सबंध बेटाची वस्ती अकरा हजारांच्या आसपास आहे. तरुणाला उन्हाळ्यात खोल्या भाड्याने देऊन, हॉटेलात काम करून जो पैसा मिळतो तो द्राक्षे तोडून मिळत नाही. त्याला दोष कोण देईल? जमिनीचे मालक कागदोपत्री अजून पणजोबा. वारस एक चिलीत, दुसरा ऑस्ट्रेलियात, तिसरा स्प्लिटमध्ये. विकायची तर सह्या कोणाकोणाच्या आणायच्या? असे तुकडे मग पडीक राहतात. पडीक राहिले की पाइनचे रोप येते, काटेरी झुडूप येते, मुळ्या पौळीत शिरतात आणि एके दिवशी पौळ पोट काढून खाली बसते. 2008 साली युनेस्कोने या शिवाराला जागतिक वारसा म्हणून मान दिला. किल्ले, देवळे, लेणी यांना असा मान मिळतो हे आपण ऐकतो. इथे तो राबत्या शेतांना मिळाला. त्यामुळे शिवारात वाटेल तसे बांधकाम करता येत नाही, हे चांगले झाले. पण पाटी लावल्याने तण उपटले जात नाही. पडलेला दगड उचलून पौळीवर परत ठेवायला माणूसच लागतो, आणि तो शेजारच्या शेतात रोज येणारा असला तरच त्याला तो दगड पडलेला दिसतो. सगळेच निराशाजनक आहे असेही नाही. काही तरुणांनी पडीक पट्टे पुन्हा लागवडीखाली आणले आहेत, बोग्दानुशा बाटलीत भरून प्रवाशांना थेट विकतात, शिवारातच जेवण देतात. हॉटेलाचा पैसा नि शेताचा पैसा यांची अशी गाठ पडली तर निभाव लागेल असे वाटते.

जेवणाचे निघाले म्हणून सांगतो. 'ग्रेगादा' हे बेटाचे खास कालवण. मासे, बटाटे, कांदा, ऑलिव्ह तेल, थोडी पांढरी वाइन. तिखट नाही, टोमॅटो नाही. आपल्या जिभेला पहिला घास फिका लागतो, तिसऱ्या घासाला चव कळते. शाकाहारी मंडळींनी पाव, चीज, ऑलिव्ह, टोमॅटो नि अंजिरांवर वेळ मारून न्यावी. गावाची मिठाई म्हणजे 'पाप्रेन्योक', मध आणि मसाल्यांची कडक बिस्किटासारखी वडी. नावच मिऱ्यावरून पडले आहे. आता मिरे काही त्या बेटावर पिकत नाही; ते आपल्या मलबारातून अरबांच्या गलबतांनी नि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून जुन्या काळी युरोपभर जात असे. एवढ्या लांब गेलेले आपल्याकडचे मिरे त्यांच्या सणासुदीच्या वडीत जाऊन बसले, याची मौज वाटते.

जायचे झालेच तर जुलै-ऑगस्ट टाळा. मोटारींची रांग धक्क्यापासून लांबपर्यंत जाते आणि खोलीचे भाडे दुप्पट होते. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. शिवारात पायी नाहीतर सायकलने फिरा, वाटा सपाट आहेत. डोक्यावर टोपी आणि जवळ पाणी ठेवा, सावली कमी आहे. पौळीवर चढू नका, दगड निखळतो. हिवाळ्यात बोटी कमी होतात, खानावळी बंद, बऱ्याच घरांच्या झडपा ओढलेल्या. तेव्हा गावात राहतात ती खरी गावची माणसे. ऑलिव्हची तोडणी उरकून, तेल घाण्यावरून घरी आणून, ती वेलींच्या छाटणीला लागलेली असतात. पहाटेची बोट स्प्लिटकडे निघते तेव्हा तिच्या पोटात एखाददुसरा ट्रक आणि वरच्या मजल्यावर कचेरीच्या, दवाखान्याच्या कामाला निघालेले दहा-वीस बेटकरी असतात.